दिनविशेष : ८ मे – रेमो फर्नांडिस

गोव्यातल्या इब्रामपूर गावाच्या कडेने वाहणारी शापोरा नदी पुढे शिवोलीला पोचते. त्याच शिवोलीतल्या घरात, कोणत्याही कंपनीचा आधार न घेता, एका माणसाने एकट्याने अख्खा अल्बम उभा केला. तो माणूस म्हणजे रेमो फर्नांडिस. त्यांचा जन्म पणजीत, ८ मे १९५३ रोजी.

मुंबईत वास्तुशास्त्र शिकून, युरोपात भटकंती करून परतलेल्या रेमोंनी १९८४ मध्ये ‘गोवन क्रेझी’ काढला. गीतं, चाली, आवाज, सगळी वाद्यं त्यांचीच. चार ट्रॅकच्या साध्या रेकॉर्डरवर आधी एक वाद्य वाजवायचं, ते ऐकत दुसरं, मग त्यावर गळा. कॅसेटचं मुखपृष्ठही स्वतः चितारलेलं. तयार कॅसेट पिवळ्या स्कूटरवर लादून ते दुकानोदुकानी पोचवत. आज घरात बसून गाणं करणाऱ्या पोरांना हे नवल वाटणार नाही. तेव्हा इंग्रजीत स्वतःची गाणी लिहिणाऱ्या भारतीय गायकाला बाजारच नव्हता, हे ध्यानात घ्यायला हवं.

पुढे ‘ओल्ड गोवन गोल्ड’, ‘पॅक दॅट स्मॅक’, ‘बॉम्बे सिटी’ आले. ‘जलवा’ (१९८७) आणि ‘बॉम्बे’ (१९९५) या चित्रपटांतल्या गाण्यांनी ते देशभर पोचले. २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. तरी त्यांची खरी कमाई ‘गोवन क्रेझी’च. गावच्या माणसांवर, तिथल्या खोडींवर इतक्या मायेने आणि इतक्या रोखठोकपणे गाणारा दुसरा गीतकार त्या काळी इंग्रजीत नव्हता.