काळ्या मातीचा डाग आणि लोणारचा खार

साबण येण्याआधी मराठवाड्यातली खेडी मळक्या कपड्यांत वावरत होती, राख आणि खार हा केवळ गरिबीचा नाइलाज होता, असे सर्रास मानले जाते. मराठवाड्यातल्याच चिकलठाणा गावाची माती आणि विहिरींचे पाणी लक्षात घेतले की ही समजूत टिकत नाही. आज इथे विमानतळ आणि औद्योगिक वसाहत दिसते. पण शिवार मुळात कापूस-ज्वारीचे, काळ्या मातीचे. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीत अतिशय बारीक चिकणकण असतात. पाणी लागले की ते फुगतात, वाळले की आकसून तडकतात. म्हणून धोतरावरचा ओला चिखल चोळला, तर तो सुताच्या आत जातो. वाळू देऊन झटकला, तर बराचसा आपोआप सुटतो. उरलेला डाग काढताना पाणी आडवे येते. बेसाल्टमधल्या विहिरींचे पाणी बहुधा जड असते. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे साबण फाटतो, फेस येत नाही आणि राखाडी साका कापडावरच बसतो.

खाराचे तसे नाही. धुण्याचा सोडा पाण्यातले कॅल्शियम आधी बाजूला काढतो, मग तेलकट मळ सोडवतो. पऱ्हाट्या जाळून उरलेल्या राखेतही याच जातीचा, पोटॅशियमचा क्षार असतो. आणि सोडा काही दूरदेशीचा नव्हता. जालन्याच्या पलीकडे, बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी इतके क्षारयुक्त आहे की उन्हाळ्यात ते आटले की काठावर सोड्याचे थर उरत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आइन-ए-अकबरी’त वऱ्हाडचे वर्णन करताना, काच आणि साबण बनवायला लागणारे पदार्थ लोणारला मिळतात, असे नोंदवले आहे. म्हणजे साबण या मुलखाला अनोळखी नव्हता. घरच्या धुण्यात खार टिकला तो अज्ञानामुळे नव्हे, इथल्या पाण्यात तो चालत होता म्हणून.

खार कापड खातो, असा आक्षेप घेता येईल. रेशमाच्या बाबतीत तो पूर्ण खरा आहे, आणि म्हणूनच पैठणीसारख्या वस्त्राला खार न लावता रिठ्याचे पाणी वापरत. जड पाण्यातही रिठा साबणासारखा फाटत नाही आणि रेशमाला सांभाळून घेतो. कोणत्या धाग्याला काय लावायचे, हा विवेक त्या धुण्यात होता. खाराने बायकांचे हात फुटत, हा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि त्या कष्टांचे गोडवे गाऊही नयेत. जुन्या पद्धतीची खरी हार झाली ती कारखान्यांच्या काळात. यंत्राचे वंगण हे खनिज तेल. तेला-तुपासारखा खाराने त्याचा साबण होत नाही. चिकलठाण्याच्या कारखान्यांतून तेलकट कपडे घरी येऊ लागले, तिथे राख निरुपयोगी ठरली आणि जड पाण्यातही न फाटणारी डिटर्जंट पावडर जिंकली. पण 1969 मध्ये अहमदाबादेत सुरू झालेल्या निरमासारख्या स्वस्त पावडरींच्या पुडीतही मोठा वाटा सोड्याचाच होता.