शूर्पारकाचं सूप

नालासोपारा या नावात नाळे आणि सोपारा ही दोन शेजारी गावं जोडली आहेत. सोपारा म्हणजे प्राचीन बंदर शूर्पारक. नाशिकच्या लेण्यात, उषवदात या दात्याच्या कोरीव लेखात, ते 'शोर्पारग' आहे. प्राकृतात 'र्प'चा 'प्प' झाला, पुढे एकच 'प' उरला. धान्य पाखडायचं शूर्पही याच वाटेने सूप झालं. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते इथल्या स्तूपाच्या टेकाडाचं नाव: बुरूड राजाचा कोट. सुपं विणणारा तो बुरूडच! १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी हा कोट खणला, तेव्हा दगडी पेटीत करंडकाभोवती आठ ब्रॉंझमूर्ती निघाल्या. अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा सोपाऱ्यात मिळाला, दुसरा १९५६ मध्ये शेजारच्या भुईगावात.