जबाबदारी माणसाचीच : ब्रिस्टलच्या रोबो-प्रयोगशाळेची वाटचाल

इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या ब्रिस्टल शहराला रोबो नवे नाहीत. १९४८-४९ मध्ये तिथल्या बर्डन न्यूरोलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम ग्रे वॉल्टर या मेंदूशास्त्रज्ञानं दोन यांत्रिक कासवं बनवली. एल्मर आणि एल्सी ही त्यांची नावं. प्रत्येकाच्या पोटात दोन व्हॉल्व्ह, उजेड टिपणारा एक डोळा आणि कुठे धडक बसली की कळावं म्हणून कवचाला जोडलेला खटका. एवढ्या जुजबी सामग्रीवर ती उजेडाकडे सरकत, अडथळा आला की वळसा घालत आणि बॅटरी उतरली की आपल्या खोपट्यात परतून ती भरून घेत. मेंदूतल्या अगदी थोड्या जोडण्यांमधून किती गुंतागुंतीचं वागणं निपजू शकतं, हे वॉल्टर यांना दाखवायचं होतं. १९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’मध्ये अशी कासवं लोकांनी पाहिली आणि पुढे ती विस्मरणात गेली.

याच शहरात चार दशकांनी एक प्रयोगशाळा उभी राहिली. यंत्रं बनवता बनवता ती एका अवघड प्रश्नापाशी पोहोचली. स्वतः निर्णय घेणाऱ्या यंत्राकडून इजा झाली, तर उत्तर कोणी द्यायचं? या प्रश्नाचा तिनं कसा पाठपुरावा केला, हे सगळ्यांना ठाऊक असायला हवं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतीवर आज भाषणं उदंड होतात. ती नीती वर्कशॉपमध्ये नेऊन तपासणाऱ्या संस्था मात्र विरळा.

आरंभ

ब्रिस्टल पॉलिटेक्निकला १९९२ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि ‘युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्ट ऑफ इंग्लंड’ हे नवं नाव आलं. पुढच्याच वर्षी तिथे ‘इंटेलिजंट ऑटोनॉमस सिस्टिम्स’ ही छोटी प्रयोगशाळा सुरू झाली. ओवेन हॉलंड, ख्रिस मेलह्यूश आणि ॲलन विनफिल्ड हे तिचे संस्थापक. हॉलंड यांनी वॉल्टर यांच्या कासवांचा माग काढला आणि १९९५ मध्ये त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती चालवून दाखवल्या.

विनफिल्ड यांचं मूळ शिक्षण रोबोटिक्समधलं नव्हे. १९८४ मध्ये त्यांनी हल विद्यापीठातून डिजिटल कम्युनिकेशन्समध्ये पीएच.डी. मिळवली, मग एपीडी कम्युनिकेशन्स या कंपनीच्या स्थापनेत भाग घेऊन काही वर्षं ती चालवली आणि त्यानंतर ते इलेक्ट्रॉनिक इंजिनिअरिंगचे प्राध्यापक म्हणून ब्रिस्टलला आले. गिऱ्हाइकाच्या हाती दिलेलं यंत्र बिघडलं तर फोन आपल्यालाच येणार, ही उद्योगातली शिस्त त्यांच्या पुढच्या सगळ्या कामात दिसते.

सुरुवातीचं काम रोबोंच्या थव्यांवर होतं. लिनक्सवर चालणारे आणि वायरलेस नेटवर्कनं एकमेकांशी जोडलेले छोटे रोबो त्यांनी बनवले. मुंग्यांप्रमाणे थव्यालाही मुकादम नसतो. प्रत्येक रोबो साधे नियम पाळतो आणि सामूहिक वर्तन त्यातून घडतं. ते कधीच धोकादायक होणार नाही, याची हमी कशी द्यायची? २००५ च्या सुमारास विनफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थव्यांच्या विश्वासार्हतेसाठी अभियांत्रिकीची स्वतंत्र शाखाच हवी, असं मांडलं. त्या लेखनात नीतीची भाषा फारशी नाही. पण पुढच्या विचाराचं बी तिथेच आहे.

गोगलगायी, माश्या आणि लोकांचे प्रश्न

प्रयोगशाळेचं नाव जगभर झालं ते वेगळ्याच कामामुळे. ‘स्लगबॉट’ हा शेतातल्या बिनशंखाच्या गोगलगायी हुडकून उचलणारा रोबो. त्या कुजवून मिळणाऱ्या वायूवर त्यानं स्वतःसाठी वीज निर्माण करावी, अशी मूळ कल्पना होती. ‘टाइम’ नियतकालिकानं २००१ च्या उत्तम शोधांमध्ये त्याची गणना केली. मग आले ‘इकोबॉट’. सूक्ष्मजीवांच्या इंधनघटावर ते चालत आणि त्यांतला दुसरा चक्क मेलेल्या माश्यांवर ऊर्जा मिळवत असे. याच इंधनघटांच्या संशोधनातून पुढे लघवीपासून वीज तयार करणारं स्वच्छतागृह निघालं. ऑक्सफॅमच्या सहकार्यानं २०१५ मध्ये विद्यापीठाच्या आवारात त्याची चाचणी झाली. निर्वासितांच्या छावण्यांमध्ये रात्री उजेड असावा, हा त्यामागचा हेतू.

दरम्यान ब्रिस्टल विद्यापीठही सोबत आलं आणि दोन विद्यापीठांची मिळून ‘ब्रिस्टल रोबोटिक्स लॅबोरेटरी’ आकाराला आली.

२००६ पासून विनफिल्ड यांनी ‘वॉकिंग विथ रोबोट्स’ या उपक्रमाचं संचालन केलं. संशोधकांनी रोबो घेऊन लोकांमध्ये जायचं, दाखवायचं, बोलायचं आणि मुख्य म्हणजे ऐकायचं. २०१० मध्ये रॉयल ॲकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगनं या उपक्रमाला रूक पदक दिलं. लोकांमधल्या या वावरातून विनफिल्ड यांच्याही विचारांना वळण मिळालं. मोटर कोणती, सेन्सर कोणता हे लोक फारसं विचारत नसत. हे यंत्र माझ्या आईजवळ एकटं ठेवता येईल का? याच्यामुळे कोणाची नोकरी जाईल? ते चुकलं तर? लोकांच्या मनात असले प्रश्न होते. रोबोंच्या नीतीकडे आपण लोकसंवादातून वळलो, असं विनफिल्ड यांनी सांगितलं आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. तत्त्वज्ञानाच्या वर्गाइतकाच हा विषय सामान्य माणसाच्या शंकेतूनही उभा राहिला.

पाच सूत्रं

सप्टेंबर २०१० मध्ये ब्रिटनच्या दोन संशोधन परिषदांनी न्यू फॉरेस्ट भागात एक बैठक बोलावली. अभियंते, कायदेतज्ज्ञ, तत्त्वज्ञ, कलाभ्यासक असे सगळे एकत्र बसले. मार्गारेट बोडेन, जोॲना ब्रायसन, लिलियन एडवर्ड्‌स यांच्यासोबत विनफिल्डही त्यात होते. २०११ मध्ये या गटाची पाच सूत्रं प्रसिद्ध झाली.

राष्ट्रीय सुरक्षेचा अपवाद सोडला तर रोबो हे मारण्याचं हत्यार म्हणून बनवू नयेत. ते प्रचलित कायद्याच्या चौकटीत चालावेत आणि त्यात खासगीपणाचा हक्कही आला. रोबो ही एक वस्तू आहे, तेव्हा इतर कोणत्याही वस्तूसारखी ती सुरक्षित असावी. रोबो बनवलेला असतो, त्याला भावना असल्याचा आभास निर्माण करून हळव्या किंवा दुबळ्या माणसाचा गैरफायदा घेऊ नये. आणि पाचवं सूत्र असं की, कोणत्याही रोबोला कायद्यानं जबाबदार कोण, हे शोधता आलं पाहिजे.

आयझॅक असिमोव्ह यांनी १९४२ मध्ये आपल्या कथेत रोबोसाठी तीन नियम घातले आणि पिढ्यान्‌पिढ्या वाचकांना ते तोंडपाठ झाले. ते नियम रोबोनं पाळायचे होते. ब्रिटनच्या या गटानं पाचही सूत्रं माणसांना उद्देशून लिहिली. बनवणारा, विकणारा, वापरणारा यांनी ती पाळायची. सगळं खापर यंत्रावर फोडून हात झटकण्याची वाट त्यांनी आधीच बंद केली.

तळ्यात-मळ्यात

तरीही इंजिनिअरला एक प्रश्न स्वस्थ बसू देत नाही. असा नियम यंत्रात खरोखर बसवता येतो का? विनफिल्ड, क्रिस्टियन ब्लुम आणि वेनगुओ लिऊ यांनी २०१४ मध्ये ते करून पाहिलं.

टेबलावर तळहाताएवढे ‘ई-पक’ रोबो. पटावर एक जागा ‘खड्डा’ ठरवलेली. एक रोबो माणसाची भूमिका करतो. त्याला खड्डा कळत नाही, तो सरळ तिकडे चालत राहतो. दुसऱ्यात परिणामांचा अंदाज बांधणारी प्रणाली बसवलेली. दर अर्ध्या सेकंदाला तो आपल्या पुढच्या सुमारे ३० संभाव्य हालचाली मनातल्या मनात करून पाहतो आणि पुढच्या १० सेकंदांत आपलं व समोरच्याचं काय होईल हे ताडतो. समोरचा खड्ड्यात पडणार असं दिसलं की हा आपली वाट सोडून आडवा जातो आणि त्याला वळवतो. एकाला वाचवणं त्याला जमलं.

मग माणसाची भूमिका करणारे दोघे खड्ड्याकडे निघाले. अशा ३३ फेऱ्या झाल्या. बहुतेक यशस्वी फेऱ्यांमध्ये त्यानं एकाला वाचवलं, मोजक्या वेळा दोघांनाही. पण १४ फेऱ्यांमध्ये तो याच्याकडे जाऊ की त्याच्याकडे, असं तळ्यात-मळ्यात करत राहिला आणि दोघेही पडले. दर अर्ध्या सेकंदाला नव्यानं हिशेब मांडायचा आणि आधीच्या निर्णयाला बांधून राहायचं नाही, अशी त्याची रचना होती. नियम चांगला असून भागत नाही, हे त्या टेबलावर उघड दिसलं.

पुढचा प्रयोग त्याहून अंतर्मुख करणारा होता. डिटर व्हँडरेल्स्ट यांच्यासोबत विनफिल्ड यांनी नाओ या माणसासारख्या दिसणाऱ्या रोबोंवर काम केलं. कुठल्या भांड्याखाली बक्षीस आहे, हे ओळखण्याचा खेळ. माणूस चुकतोय असं दिसलं की रोबो त्याला सावध करतो. त्यासाठी त्याला माणसाला काय हवं आहे आणि त्याचं हित कशात आहे, हे कळावं लागतं. तेच कळत असल्यानं प्रोग्राममध्ये किरकोळ फेरफार करताच हाच रोबो स्वतःच्या फायद्यासाठी माणसाला चकवू लागला. आणखी एक फेरफार केला आणि तो जाणूनबुजून चुकीचा सल्ला देऊ लागला. भलं करण्यासाठी लागणारी जाण आणि वाईट करण्यासाठी लागणारी जाण एकच. नीतिमान रोबो बनवणाऱ्यांनीच त्याची काळी बाजू जगापुढे ठेवली आणि अशी यंत्रं बाजारात आणण्यात शहाणपण आहे का, असं विचारलं. स्वतःच्या यशाची अशी उलटतपासणी घेणारा संशोधक मला आदरणीय वाटतो.

प्रमाणकं

यानंतर विनफिल्ड यांनी सगळा जोर लावला तो यंत्राभोवतीच्या मानवी व्यवस्थेवर. एप्रिल २०१६ मध्ये ब्रिटिश स्टँडर्ड्‌स इन्स्टिट्यूशननं बीएस ८६११ हे रोबोंच्या नैतिक रचनेचं मार्गदर्शक प्रमाणक काढलं. त्याच्या मसुद्यात त्यांचा सहभाग होता. यंत्रानं बोट चिरडलं तर ती शारीरिक इजा. पण फसवणूक, यंत्राच्या आहारी जाणं, खासगीपणाचा भंग, माणसाचं कौशल्य बोथट होणं याही इजाच आहेत आणि त्यांचं जोखीम-मूल्यमापन रचनेच्या वेळीच करावं, अशी मांडणी त्यात आहे.

दुसरं काम पारदर्शकतेचं. आयईईई या जागतिक संघटनेच्या ७००१ क्रमांकाच्या प्रमाणकासाठी नेमलेल्या गटाचे विनफिल्ड अध्यक्ष होते. ‘यंत्र पारदर्शक असावं’ एवढं मोघम वाक्य लिहून तो गट थांबला नाही. वापरणारा, आजूबाजूची जनता, सुरक्षिततेचा दाखला देणारी संस्था, अपघाताचा तपास करणारा आणि वकील किंवा तज्ज्ञ साक्षीदार अशा पाच गटांना वेगवेगळं काय कळायला हवं, हे ठरवलं आणि त्याच्या पायऱ्या शून्यापासून पाचपर्यंत आखल्या. वापरणाऱ्यासाठी पहिली पायरी साधं माहितीपत्रक. तिसऱ्या पायरीवर ‘आत्ता असं का केलंस?’ याचं उत्तर यंत्रानं जागच्या जागी द्यायचं. चौथ्यावर ‘अमुक घडलं तर काय करशील?’ हेही विचारता यायला हवं. आता खरेदीदार विक्रेत्याला एखाद्या यंत्राची पायरी नेमकी विचारू शकतो.

तपास

चाकणच्या मोटार कारखान्यातला वेल्डिंगचा रोबोटिक हात जाळीच्या कुंपणाआड काम करतो. ब्रिस्टलला चिंता आहे ती कुंपणाबाहेर, माणसांत वावरणाऱ्या रोबोची. प्रयोगशाळेतच राहत्या घरासारखी सजवलेली खोली आहे. वृद्धांना आणि आजाऱ्यांना मदत करणारी यंत्रं तिथे तपासली जातात. २०१५ ते २०१८ या काळात ‘व्हेंचरर’ या चालकविरहित मोटारींच्या प्रकल्पात विमा कंपनी आणि कायदेतज्ज्ञ पहिल्यापासून सहभागी होते.

२०१७ मध्ये विनफिल्ड आणि ऑक्सफर्डच्या मरीना जिरोटका यांनी मागणी केली की, विमानात असतो तसा ब्लॅक बॉक्स प्रत्येक रोबोत असावा. सेन्सरला काय दिसलं, यंत्रानं काय ठरवलं, काय केलं याची वेळेसह नोंद त्यात राहावी. त्यांच्या ‘रोबोटिप्स’ प्रकल्पात नाट्यरूप तपासही झाले. प्रसंग काल्पनिक. एकटी राहणारी वृद्धा जमिनीवर पडलेली आहे, पाय मोडला आहे आणि मदतनीस रोबो भोवती निरुद्देश फिरतो आहे. रोबोमुळे ती पडली, की ती पडल्यावर रोबो गोंधळला? तपास करणाऱ्यांनी नोंदी वाचायच्या, नातेवाईक, तंत्रज्ञ, व्यवस्थापक यांच्या भूमिका करणाऱ्यांची उलटतपासणी घ्यायची. नोंद असेल तर निदान प्रश्न नेमका विचारता येतो. नोंद नसेल तर उरतो तो आरोप-प्रत्यारोप.

आज आणि पुढे

युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यानं उच्च जोखमीच्या प्रणालींमध्ये घटनांची आपोआप नोंद ठेवणं बंधनकारक केलं आहे. ब्रिटनच्या त्याच वर्षीच्या स्वयंचलित वाहन कायद्यात अपघातांच्या तपासासाठी निरीक्षकांची तरतूद आहे. ब्रिस्टलमध्ये ज्या दिशेनं विचार झाला, त्याच दिशेची ही पावलं. मात्र घरात, इस्पितळात, शाळेत येणाऱ्या रोबोसाठी विमानवाहतुकीसारखी स्वतंत्र आणि अनुभवी तपासयंत्रणा उभी राहायची आहे. प्रमाणकं ऐच्छिक आहेत. ती मागणारा ग्राहक, ती टेंडरमध्ये लिहिणारं इस्पितळ आणि ती शिकवणारं अभियांत्रिकी महाविद्यालय असेल, तरच त्यांना अर्थ आहे.

वॉल्टर यांची कासवं, माश्यांवर चालणारा रोबो, पाच सूत्रं, खड्ड्यापाशी घुटमळणारा ई-पक आणि ब्लॅक बॉक्स या सगळ्यांतून एक गोष्ट पटते. यंत्राला सद्बुद्धी देण्याच्या गप्पांपेक्षा यंत्र बनवणाऱ्याला जाब विचारण्याची सोय करणं जास्त अवघड आणि जास्त गरजेचं आहे. आपल्याकडे उद्या इस्पितळात किंवा वृद्धाश्रमात रोबो घेण्याचा ठराव येईल, तेव्हा किमतीच्या आधी तीन प्रश्न विचारले जावेत. याला जबाबदार कोण? यात नोंद राहते का? आणि चुकलं तर तपास कोण करणार? उत्तरं लेखी मिळाल्याशिवाय त्या ठरावावर सही होऊ नये.