रत्नागिरीचे विमान आणि आसनांचे गणित

कोकणातील विमानसेवेची चर्चा बहुधा धावपट्टीची लांबी, टर्मिनलची इमारत आणि उद्घाटनाची तारीख यांभोवती फिरते. रत्नागिरी शहरालगतचा विमानतळ प्रामुख्याने तटरक्षक दलाच्या वापरात राहिला आणि तेथून नियमित प्रवासी सेवा असावी, ही मागणी जुनी आहे. मात्र एखाद्या शहरातील सेवा सुरू होऊन टिकते की नाही, हे धावपट्टीपेक्षा विमान कंपन्यांच्या ताफ्यात कोणत्या आकाराची विमाने आहेत, यावर अधिक अवलंबून असते.

देशांतर्गत प्रवाशांची संख्या २०१९ मध्ये १४ कोटी ४१ लाख होती. करोनाच्या साथीमुळे २०२० मध्ये ती ६ कोटी ३० लाखांवर घसरली. २०२३ मध्ये १५ कोटी २० लाख आणि २०२४ मध्ये १६ कोटी १३ लाखांवर पोहोचली. या वाढीचा मोठा वाटा महानगरांना जोडणाऱ्या मार्गांवर आहे आणि कंपन्यांनी विमानेही त्याच मार्गांसाठी घेतली. २००६ मध्ये उड्डाणे सुरू करणाऱ्या इंडिगोने त्याआधीच, २००५ मध्ये, एअरबस ए-३२० प्रकारच्या शंभर विमानांची मागणी नोंदवली होती. २०२३ मध्ये तिने याच कुळातील आणखी ५०० विमानांची मागणी नोंदवली. एकाच जातीची विमाने असली, की वैमानिकांचे प्रशिक्षण, सुटे भाग आणि देखभाल यांवरील खर्च आटोक्यात राहतो. याउलट किंगफिशर आणि जेट एअरवेज यांनी लहान एटीआरपासून लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांपर्यंत नाना प्रकारचे ताफे बाळगले. त्यांच्या अपयशाची कारणे अनेक होती. पण संमिश्र ताफ्याच्या खर्चाचा भारही त्यांत होता. किंगफिशर २०१२ मध्ये, तर जेट २०१९ मध्ये जमिनीवर आली.

आसने किती, प्रवासी किती?

ए-३२० विमानात साधारण १८० आसने असतात. रोज एक फेरी, म्हणजे एकदा येणे आणि एकदा जाणे, धरली तर वर्षाला १ लाख ३१ हजारांहून अधिक आसने भरावी लागतात. ७८ आसनांच्या एटीआर-७२ विमानासाठी हाच आकडा सुमारे ५७ हजार होतो. १९ आसनी विमानासाठी जेमतेम १४ हजार. मुंबई ते रत्नागिरी हे हवाई अंतर अडीचशे किलोमीटरच्या आत आहे. एवढ्या थोड्या अंतरात जेट विमानाच्या अधिक वेगाने फार तर दहा-पंधरा मिनिटे वाचतात. इंधन मात्र उड्डाण आणि चढाईतच पुष्कळ खर्ची पडते. म्हणून अशा मार्गावर पंख्याचे टर्बोप्रॉप विमान किफायतशीर ठरते. त्याला आखूड धावपट्टीही चालते.

सरकारी नियमांनीही या आकाराला बळ दिले. ८० पेक्षा कमी आसनांच्या विमानांना देशांतर्गत सेवेत विमानतळावर उतरण्याचे शुल्क माफ करण्यात आले. भारतातील अनेक एटीआर आणि क्यू-४०० विमानांत नेमकी ७८ आसने दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे. २००३ मध्ये एअर डेक्कनने एटीआर विमानांनीच लहान शहरांची वाट धरली. इंडिगोनेही २०१७ मध्ये एकजिनसी ताफ्याचा नियम बाजूला ठेवून एटीआर विमाने घेतली.

शेजाऱ्यांचा अनुभव

२०१७ मध्ये 'उडान' योजनेखाली पहिली उड्डाणे झाली. तासाभराच्या प्रवासासाठी सुमारे अडीच हजार रुपयांची भाडेमर्यादा आणि त्यामुळे येणारी तूट भरून काढण्यासाठी तीन वर्षांचे अर्थसाह्य, असे तिचे स्वरूप होते. महाराष्ट्रात नांदेडला ट्रूजेट कंपनीची एटीआर सेवा त्याच वर्षी सुरू झाली. ही कंपनी २०२२ मध्ये बंद पडली. जळगाव आणि नाशिक येथे नव्या एअर डेक्कनने १९ आसनी विमाने आणली. तीही २०२० नंतर राहिली नाहीत. १९ आसने भरणे सोपे. पण दोन वैमानिकांचा पगार, देखभाल आणि इंधन यांचा बोजा तेवढ्याच प्रवाशांवर पडतो.

सिंधुदुर्गातील चिपी विमानतळाचे उदाहरण रत्नागिरीला सर्वांत जवळचे आहे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी तेथे मुंबईहून अलायन्स एअरची ७० आसनी एटीआर सेवा सुरू झाली. धावपट्टी अडीच किलोमीटरची, म्हणजे मोठ्या विमानांनाही पुरेशी. आले ते मात्र लहान विमान. तीन वर्षांची मुदत संपताच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, ती मुंबई सेवा थांबली. गोव्यातील फ्लाय-९१ या नव्या कंपनीने २०२४ मध्येच चिपीला बेंगळुरू आणि पुण्याशी जोडले. तिचीही विमाने एटीआर-७२ हीच. दरम्यान जानेवारी २०२३ पासून गोव्यातील मोपा विमानतळ सुरू झाल्याने दक्षिण सिंधुदुर्गातील प्रवाशांना अधिक उड्डाणांचा पर्याय हाताशी आला.

मुंबईची अडचण वेगळीच. तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने एकावेळी एकच वापरता येते. उड्डाणाची प्रत्येक वेळ मोलाची असताना ती ७० प्रवाशांच्या विमानाला द्यावी की १८० प्रवाशांच्या, याचे कंपनीपुरते उत्तर उघड आहे. २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळामुळे ही कोंडी काही अंशी सैल होऊ शकते.

रत्नागिरीपुढील प्रश्न

रत्नागिरीच्या सेवेची स्पर्धा दुसऱ्या विमानाशी नव्हे, तर रेल्वेशी आहे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि २०२३ पासून धावणारी मुंबई-मडगाव वंदे भारत गाडी पावसाळ्याबाहेरच्या वेळापत्रकात पाच-साडेपाच तासांत रत्नागिरी गाठू लागली. विमानतळावर आधी पोहोचणे, तपासणी आणि शहरापर्यंतचा प्रवास धरता विमानाने वाचणारा वेळ दोन-तीन तासांचाच उरतो. त्यातच येथील गर्दी हंगामी आहे. गणपती, शिमगा आणि मे महिन्यात चाकरमान्यांना गाडीत जागा मिळत नाही. भर पावसात मात्र प्रवासी कमी आणि ढगाळ हवेमुळे उड्डाणे रद्द होण्याचा धोका अधिक. कंपनीला विमानाचे भाडे बाराही महिने भरावे लागते.

रुग्णाला तातडीने मुंबईस नेणे, उद्योजकाचे एका दिवसात जाऊन येणे, हापूस मोसमात दूरच्या बाजारात वेळेत पोहोचणे, या गरजा खऱ्या आहेत. पण त्यांनी वर्षाची ५७ हजार आसने भरतील, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून केवळ मुंबईची फेरी न मागता, एकाच विमानाने पुणे, मुंबई, रत्नागिरी आणि गोवा अशी गावे जोडणारी साखळी अधिक व्यवहार्य ठरू शकते. सेवेचा खरा कस उद्घाटनाच्या दिवशी नव्हे, तर अर्थसाह्य संपल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात लागतो.