यादीतले आपले नाव

अध्यक्षाबाईंनी स्मरणिकेसाठी इतिहासाचे काहीतरी लिही म्हणून सांगितले तेव्हा मला हसूच आले. माझी मजल सातवीपर्यंत! पण बायकांच्या मतदानाचा विषय निघाला आणि मला माझीच एक गोष्ट आठवली.

१९९९ साली लग्न होऊन मी जुन्नरकडून कोपरखैरण्याला आले. रिवाजाप्रमाणे सासरी नाव बदलले. दुसऱ्याच वर्षी महापालिकेची निवडणूक आली. सासूबाई, आमचे हे आणि मी, तिघेही सकाळीच केंद्रावर गेलो. त्या दोघांची नावे यादीत निघाली, माझे नव्हतेच. ते होते गावच्या यादीत, आणि तेही माहेरचे. सासूबाई बोटाला शाई लावून आल्या, मी कोरड्या बोटाने परत आले.

बायकांच्या नावाचे हे दुखणे फार जुने आहे. रमाबाई रानडे तुम्हांला ठाऊकच आहेत. ‘उंच माझा झोका’ ही मालिका आपण सर्वजणींनी पाहिली. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची यमुना अकराव्या वर्षी लग्न होऊन रानड्यांकडे आली आणि रमा झाली. त्या पुढे लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुण्याचे सेवासदन चालवले, हे आपल्याला माहीत असते. पण मुंबई इलाख्यात स्त्रियांना मत मिळावे म्हणून त्यांनी उतारवयात चळवळ चालवली, हे मला अलीकडेच कळले.

त्या वेळी सरकारने नेमलेल्या साऊथबरो समितीने १९१९ साली सांगितले होते, की इथल्या बायकांना इतक्यात मत नको, पडदा आहे, लोकांना रुचणार नाही. त्याच वर्षी मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन बाजू मांडायला थेट लंडनला गेल्या. विलायतेच्या पार्लमेंटने हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. ज्या त्या प्रांताने ठरवावे, असे सांगून मोकळे झाले. मग १९२१ साली आधी मद्रासने आणि पाठोपाठ मुंबई कौन्सिलने बायकांना मत दिले. (इंग्लंडातल्या बायकांना तरी तेव्हा कुठे, तिशीच्या पुढेच मत होते.)

पण हे मत कोणाला? जिच्या नावावर ठरावीक सारा, घर किंवा कर असेल तिला. आपल्यासारख्या किती जणींच्या नावावर तेव्हा काही असणार? १९३५ च्या कायद्याने थोडे दार उघडले. नवऱ्याकडे मिळकत असेल तर बायकोला, किंवा तिला लिहिता-वाचता येत असेल तर. म्हणजे माझी सातवी तेव्हा कामी आली असती! डॉ. आंबेडकरांनी मात्र १९२८ सालीच सायमन कमिशनपुढे प्रत्येक प्रौढ माणसाला मत मागितले होते. ते राज्यघटनेने १९५० साली दिले. मग मिळकत नको, शाळा नको.

आणि तरीही १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गळली. कारण त्यांनी नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच. बहुतेक जणी बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थानाकडच्या. पण आपण तरी कुठे फार पुढे होतो? आमच्या सासूबाईंकडे यादीसाठी माणूस आला, तेव्हा नवऱ्याचे नाव त्या काही केल्या घेईनात. शेवटी उखाण्यात घेतले, आणि तो बिचारा दारात उभा राहून ऐकत लिहीत होता.

मी माझा अर्ज २००० सालीच भरला आणि २००४ च्या लोकसभेला पहिले मत दिले.

यंदाच्या हळदीकुंकवाला आपण यादी आणून प्रत्येकीचे नाव शोधले. तिघींची सापडली नाहीत. त्यांचे अर्ज भरून झाले. एकीचे वय मात्र चार वर्षांनी जास्त छापलेले निघाले. तिने सर्वांत आधी अर्ज भरला.