तटाचे दगड

अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासांत चेंडू घेऊन धांवणाऱ्यांचीं व तो फेंकणाऱ्या क्वार्टरबॅकचीं नांवें मोठ्या अक्षरांत लिहिलीं जातात. ज्यांच्या आड राहून त्यांनीं हें नांव मिळविलें, त्या पांच गड्यांची आठवण क्वचितच होते. हे पांचजण म्हणजे त्या खेळांतील आघाडीची फळी: मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंस गार्ड आणि टोकांस टॅकल. प्रतिपक्षास थोपवून धरणें व मागच्यास वाट करून देणें हेंच त्यांचें काम. अशी फळी कोणत्या मार्गानें उभारावी, या प्रश्नाचा इतिहास आम्हांस उद्बोधक वाटतो.

तेथील व्यावसायिक संघांत महाविद्यालयीन खेळाडूंची वांटणी ‘ड्राफ्ट’ नांवाच्या पद्धतीनें होते. बर्ट बेल यांच्या सूचनेवरून ती १९३६ सालीं फिलाडेल्फिया येथें प्रथम अमलांत आली. आदल्या हंगामांत जो संघ सर्वांत दुबळा ठरला, त्यास पहिली निवड, हें तिचें तत्त्व. तेव्हां पहिल्या फेरींतील मोलाची निवड लोकांच्या डोळ्यांत भरणाऱ्या वीरावर खर्चावी, कीं तटाच्या दगडावर, हा पेंच प्रत्येक चालकापुढें उभा राहतो.

वॉशिंग्टनच्या संघानें १९८१ सालीं मार्क मे यास पहिल्या फेरींत व रस ग्रिम यास तिसऱ्या फेरींत घेतलें; जो जेकोबी व जेफ बॉस्टिक यांस तर ड्राफ्टमध्यें कोणीच निवडलें नव्हतें. जो ब्यूगेल या शिक्षकानें या धिप्पाड मंडळीस ‘हॉग्ज’, म्हणजे डुकरें, हें लाडकें नांव दिलें. १९८३ च्या जानेवारींतील अंतिम सामन्यांत मायामीविरुद्ध मागें पडलेल्या वॉशिंग्टनला चौथ्या प्रयत्नांत एक यार्ड हवें होतें. जॉन रिगिन्स ४३ यार्ड धांवून गेला आणि सामना २७-१७ असा जिंकला गेला. १९८७ व १९९१ च्या हंगामांतील विजेतेपदांतही ग्रिम, जेकोबी व बॉस्टिक हे तिघे होते.

डॅलसनें दुसरा मार्ग धरला. २०११ मध्यें टायरन स्मिथ, २०१३ मध्यें ट्रॅव्हिस फ्रेडरिक व २०१४ मध्यें झॅक मार्टिन, असे तिघे त्यानें पहिल्या फेरींतून घेतले. शेवटच्या वेळीं गाजलेला क्वार्टरबॅक जॉनी मॅन्झिएल हाताशीं असतांही तो मोह टाळला. मॅन्झिएलची त्या लीगमधील कारकीर्द दोन हंगामांतच आटोपली. २०१४ सालीं डिमार्को मरे या फळीमागून १,८४५ यार्ड धांवला. पुढील वर्षीं फिलाडेल्फियाकडे गेल्यावर त्याची मजल ७०२ यार्डांवर थांबली. मात्र त्याच २०१५ सालीं डॅलसचा क्वार्टरबॅक टोनी रोमो जायबंदी होतांच संघास सोळांपैकीं चारच सामने जिंकतां आले. तट असला तरी किल्लेदार लागतोच.

यावरून उंची निवडी व्यर्थ असें कोणी समजूं नये. पण डॅलसच्याही २०१४ च्या फळींत डग फ्री चौथ्या फेरींतला, तर रोनाल्ड लिअरी न निवडलेला होता, हें विसरून चालणार नाहीं. पांचांपैकीं एक चुकला, तर उरलेल्या चौघांचें श्रम वायां जातात. म्हणून आमच्या मतें ड्राफ्टमध्यें उत्तम दगड निवडणें हें अर्धेंच काम होय. ते एकमेकांत बसेपर्यंत त्यांस एकत्र राखणें व शिकविणें, हें उरलेलें अर्धें. वॉशिंग्टननें तें साधलें, म्हणूनच ज्यांस कोणी निवडलें नव्हतें, तेही तेथें विजयाचे धनी झाले.