१६ सप्टेंबर १९७७ : फुग्याने उघडली हृदयाची वाट

छातीची हाडे न कापता हृदयाची अरुंद झालेली धमनी रुंद करता येते, हे आजच्या दिवशी स्वित्झर्लंडमधील झुरिचमध्ये सिद्ध झाले. डॉ. आंद्रेयास ग्रुंटझिग यांनी ३८ वर्षांच्या, पूर्ण शुद्धीत असलेल्या रुग्णावर जगातील पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी केली.

त्यासाठीचे पहिले फुगे घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तयार झाले होते! बारीक नळीच्या टोकाला इवलासा फुगा. मांडीच्या धमनीतून तो हृदयापर्यंत न्यायचा, अडथळ्यापाशी फुगवायचा, हवेने नव्हे, तर द्रवाने. मग रिकामा करून काढून घ्यायचा. दहा वर्षांनी तपासणी झाली तेव्हाही त्या रुग्णाची धमनी मोकळीच होती. ते पाहायला ग्रुंटझिग मात्र नव्हते. १९८५ मध्ये विमान अपघातात, अवघ्या ४६व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला.

भारतात ही पद्धत १९८६ मध्ये डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कलारिकल यांनी आणली. पुढे स्टेंटची, म्हणजे धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीची, जोड मिळाली, पण खर्च गरिबाच्या आवाक्याबाहेरच राहिला. म्हणूनच खान्देशासाठी २ जुलै २०१२ ही तारीखही तितकीच मोलाची. त्या दिवशी गरिबांना मोफत उपचार देणारी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना महाराष्ट्रातल्या ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत खान्देशातले धुळे होते. तीच आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. अँजिओप्लास्टी तिच्यात समाविष्ट आहे.